उताराचं पान

आमच्या साडूंइतका तयारीचा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही. असलाच, तर तो अजून तयारीतच असणार, आणि म्हणून माझ्या पाहण्यात आलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ही थोरली बहीण घरादाराची अक्का, म्हणून माझ्याही त्या अक्काच. साडूंनी अंबडच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं तयार माल तपासण्याचं काम केलं आणि गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. म्हणजे कारखान्यातून झाले, तपासणी चालूच आहे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी केसाची जाडी मोजणारं व्हर्नियर असतं, आणि ते केव्हा बाहेर येईल याचा नेम नाही. दिवाळीला आमच्याकडे आले की आधी चकली मोजतात, मग खातात. एका वर्षी माझ्या बायकोच्या चकल्यांमध्ये त्यांना दोन मिलिमीटरचा फरक सापडला, तेव्हा "सोऱ्याची चकती झिजलीय, बदलून घे," असं त्यांनी तिला फार मायेने सांगितलं. चकती खरंच झिजलेली निघाली, याचा राग तिला अजून आहे.

कारखान्यात यंत्रावरून उतरलेल्या प्रत्येक तुकड्याला जॉब म्हणतात, आणि साडूंच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला त्यांचं एक वाक्य पाठ आहे: "जॉब उलटा करून बघा." पुढून सगळेच जॉब चांगले दिसतात, दोष असतो तो पाठीला, असा त्यांचा अनुभव. हा नियम ते घरीही लावतात. खुर्ची उलटी करून बघितल्याशिवाय बसत नाहीत. पेढा उलटा करतात, वाटी उलटी करतात, लग्नपत्रिकेची मागची कोरी बाजू आधी तपासतात. माझ्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक त्यांच्या हातात होतं. मंगलाष्टकं ऐन रंगात आलेली असताना, दुसरं टोक धरलेल्या माझ्या काकांना ते हळूच म्हणाले, "तुमची बाजू अर्धा इंच खाली घ्या," आणि काकांनी गडबडीत ती इतकी खाली घेतली की मला नवरी मुहूर्ताआधीच दिसली. पुढे मला मुलगी झाली, तेव्हा साडू दवाखान्यात आले, बाळाला दोन्ही हातांत अलगद घेतलं, पालथं केलं, पाठ बघितली, पुन्हा उताणं केलं आणि माझ्याकडे देत म्हणाले, "ओके आहे." तिथली नर्स त्यांना लहान मुलांचे डॉक्टर समजली होती.

एवढं एक वेड पुरेसं नव्हतं म्हणून की काय, ते कडे चढतात. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून. दोर, खिळे, कंबरेचे पट्टे, डोक्यावर लाल हेल्मेट असा सगळा सरंजाम. त्यांच्या बाल्कनीत एका बाजूला अक्कांचे पापड आणि दुसऱ्या बाजूला साडूंचा पिवळा दोर वाळत असतो. जिल्ह्यातले बहुतेक सुळके त्यांनी चढून ठेवलेत, पण घरातून निघताना मात्र दर वेळी पायात बूट घालता घालता ते अक्कांना एकच सांगत आले: "काही नाही गं, जरा टेकडी आहे. संध्याकाळपर्यंत येतोच." अक्काही "बरं" म्हणत. आणि साडू जिन्याच्या वळणाआड गेले की ताटात गहू घेऊन बसत. साडू डोंगरावर गेले की अक्का गहू निवडतात, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. टीव्ही लावत नाहीत, फोन घेत नाहीत. एकेक दाणा बोटाने बाजूला सारत दारावरची घंटा वाजेपर्यंत निवडत राहतात. एकदा साडू दुसऱ्या दिवशी दुपारी परतले, तेव्हा अक्कांनी कोठीतले सगळे गहू संपवून ज्वारी काढली होती. त्यांच्या घरच्या पोळीत कधी खडा लागल्याचं बत्तीस वर्षांत कुणाला आठवत नाही.

आता खुंट्याबद्दल. पेठच्या पुढे एका वळणावर निळ्या पत्र्याचं चहाचं दुकान आहे. त्या दुकानासमोर उभं राहून उत्तरेला पाहिलं की जात्याच्या खुंट्यासारखा एक काळा सुळका आभाळात घुसलेला दिसतो. तिथले लोक त्याला खुंटाच म्हणतात. कंपनीच्या कामाला गुजरातेत जाता-येता साडू वर्षानुवर्षं त्या दुकानात थांबत आले. शाळेतल्या कोनमापकाला ओळंबा बांधून त्यांनी त्याची उंची काढली: कातळ तीनशे फूट. कुणी चढल्याचं कुणाला माहीत नव्हतं, कारण कातळाच्या पायथ्याशी पोहोचणंच मुश्किल. खाली एक अरुंद घळ आहे. तिच्यात माणूसभर कारवी, काटेरी वेली आणि पायाखालून निसटणारे दगड. पहिल्या खेपेला साडू त्या घळीच्या मध्यावरून परतले, कारण वर आग्या मोहोळ होतं आणि मोहोळालाही साडू दिसले होते. दुसऱ्या खेपेला नऊ तास खपून ते पायथ्याशी पोहोचले, तर सूर्य कलायला आलेला. मग कातळाला नुसता हात लावून परत फिरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्याकडे आले होते. चहाला हात न लावता उजवा तळवा माझ्यापुढे धरून म्हणाले, "मास्तर, हात लावून आलो." मी भूगोलाचा मास्तर आणि चढण्याच्या बाबतीत माझी मजल कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत, पण त्या तळव्याला मीही हात लावून घेतला.

निवृत्त झाल्यावर त्यांनी खुंट्याची फाइल उघडली. साडूंचं म्हणणं असं की, "कडा कुणीही चढेल हो, कड्यापर्यंत जायला अक्कल लागते." त्यामुळे फाइलच्या चाळीस पानांपैकी तीस पानं एकट्या पायथ्याची. घळीचे त्यांनी अकरा भाग पाडले होते. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला लागणारा वेळ, कारवी कापायला कोयता कुणाच्या हातात, मोहोळाच्या खालून जाताना कुणी बोलायचं नाही (इथे माझं नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या). मोबाइलवर उपग्रहाची चित्रं काढून, मोठी करून त्यांनी हॉलच्या भिंतीवर चिकटवली होती. त्या चित्रांत खुंट्याच्या पाठीमागे एक काळा डाग दिसे. साडूंनी त्यावर लाल शाईने लिहून टाकलं: "खोल खिंड." मी भूगोलाच्या नजरेने तो डाग बराच वेळ बघून "असेल" म्हणालो, आणि त्या "असेल"बद्दल पुढे मला फार भोगावं लागलं.

मग वजनं सुरू झाली. पाठीवर एक ग्रॅमही जास्त जाता कामा नये, म्हणून दात घासायच्या ब्रशांचे दांडे अर्धे कापले गेले. लसूण सोलून न्यायचा असं ठरलं, कारण सालांचे चार ग्रॅम वाचतात. मला पायथ्याचा व्यवस्थापक नेमलं होतं, तेव्हा एका रविवारी मलाही काट्यावर उभं केलं. आकडा बघून साडू म्हणाले, "मास्तर, तुम्ही लसूण नका आणू." कारखान्यात त्यांच्याच हाताखाली तयार झालेली प्राजक्ता ही या मोहिमेची खरी चढणारी. तिशीची, काटक, कमी बोलणारी. ती पुढे चढून दोर लावणार आणि साडू तिच्या मागून जाणार. तिने साडूंच्या पाठपिशवीतून एकदा स्टीलचा डबा बाहेर काढला आणि विचारलं, "सर, हे यादीत नाहीये." साडू स्वयंपाकघराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "ते यादीच्या वर आहे." अक्कांच्या घरातून माणूस डब्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि त्या डब्याचं वजन करण्याची हिंमत तेहतीस वर्षं माल तपासलेल्या माणसातही नाही.

सराव म्हणून साडू पाठीवर चौदा किलो वाळू घेऊन इमारतीचे चार मजले रोज वीस वेळा चढायचे. सोसायटीत लिफ्ट आहे आणि ती चालू असते. वॉचमनला वाटलं, साहेबांनी वरती बांधकाम काढलंय. त्याने जाऊन सेक्रेटरींना कळवलं, आणि सेक्रेटरी तपासायला आले तर साडूंनी त्यांच्याही पाठीवर पाच किलो देऊन चार मजले नेलं. मी हा सराव बघायला म्हणून एकदा जिन्याखाली स्टूल टाकून बसलो. साडू दणदणत वर गेले. मी म्हटलं, आता खाली येतील. तर लिफ्टचं दार उघडलं आणि आतून साडू बाहेर आले. पुन्हा दणदणत वर, पुन्हा लिफ्टने खाली. सहाव्यांदा मी विचारलं, "साडूभाऊ, उतरताना लिफ्ट का?" ते म्हणाले, "वेळ वाचतो." आयुष्यात ते माझ्याशी तेवढं एकच खोटं बोलले असतील, आणि तेही त्यांना नीट जमलं नाही.

खरी गोष्ट अशी होती की, उजवा गुडघा संपला होता. चढताना तो कुरकुरत का होईना पण साथ द्यायचा. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला आतून सुरी फिरल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी फेब्रुवारीत ऑपरेशन ठरवलं होतं. गुडघा बदलला की चालता येईल, फिरता येईल, पण कातळ बंद. म्हणजे जानेवारीत खुंटा झाला तर झाला, नाहीतर तो निळ्या पत्र्याच्या दुकानातून चहा पिता पिता बघायचा, जन्मभर. साडू हे कुणाला बोलून दाखवत नव्हते. पण फाइलवर बोट ठेवून तारखा सांगताना त्यांचा आवाज दहावीच्या पोरासारखा व्हायचा.

अक्कांना गुडघ्याचं सगळं माहीत होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी आम्ही सगळे हॉलमध्ये फाइल पसरून बसलेलो असताना त्या हात पुसत बाहेर आल्या. इतक्या महिन्यांत त्यांनी फाइलकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "उतरायचं पान दाखवा."

साडूंनी पानं उलटली. एकोणचाळिसावं पान वर आलं. वर ठळक अक्षरांत "उतार" आणि खाली, त्या वळणदार तपासणीच्या अक्षरात, एकच शब्द: "बघू."

"बघू म्हणजे काय?" अक्का म्हणाल्या. "बघू आमच्या माहेरचे लोक म्हणतात. तुम्ही कधी म्हणालात?"

"अगं, दोरावरून उतरायचं कातळ..."

"कातळ तीनशे फूट. आणि ती घळ? नऊ तासांची? ह्या गुडघ्याने? का प्राजक्ताने पाठुंगळी घ्यायचं तुम्हाला?" मग त्यांचा आवाज खाली आला. "तुम्ही जा. मी कधी नको म्हटलंय? पण हे पान भरा आणि मगच जा." एवढं बोलून त्या आत गेल्या, आणि आतून ताटात गहू ओतल्याचा आवाज आला. साडू तर घरातच बसले होते.

पुढचे पंधरा दिवस साडूंनी ते पान भरायचा प्रयत्न केला. खोडरबराने पान पातळ झालं. घळीत रात्री मुक्काम करून दोन दिवसांत उतरायचं? तर तेवढं पाणी कोण नेणार? प्राजक्ताने आणखी दोघं आणायची तयारी दाखवली, पण त्या घळीत माणसाला उचलून आणणं हे चढण्याहून धोक्याचं, हे साडूच बोलले. त्या आठवड्यात त्यांनी माझ्या घरी लाडू उलटा न करता खाल्ला. बायको मला म्हणाली, "काहीतरी करा हो, हे बघवत नाही."

मी काय करणार? मला त्याच आठवड्यात कॉलेजच्या मुलांना घेऊन श्रमदानाच्या शिबिराला जायचं होतं, सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर. नाशिकहून वणीच्या अंगाने एसटी, पुढे जीप, जीपच्या पुढे पाय. काम होतं डोंगरावरच्या पठारावरच्या एका तळ्यातला गाळ काढायचं. पाड्यावरचे काळूबाबा आमच्या पुढे चालले, मागे साठ पोरं घमेली-फावडी वाजवत. वाट चांगली बैलगाडीच्या चाकोरीसारखी रुळलेली, आणि चढ इतका बेताचा की मी वाटेत दोनदाच बसलो. वर विस्तीर्ण माळ. मध्ये काळ्या पाण्याचं तळं आणि त्यात डोळे मिटून बसलेल्या आठ-दहा म्हशी. काळूबाबा म्हणाले, "हा आमचा वरला माळ. म्हशी रोज येतीत. माझी बाय पन येते भाकरी घेऊन. वाट लय सोपी हाय, मास्तर."

चौथ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी पाय मोकळे करायला माळाच्या दक्षिणेच्या टोकाकडे गेलो. माळ अरुंद होत होत नाकासारखा पुढे गेला होता आणि एकदम संपला. मी पोटावर पडून कडेवरून खाली डोकावलो. खाली सरळ काळा कातळ. त्याच्या पायाशी कारवीने भरलेली घळ. आणि तिच्याही पलीकडे, दूर खाली, एक डांबरी वळण आणि त्यावर एक निळा पत्रा.

मी मागे सरकलो, पाणी प्यालो, पुन्हा पोटावर पडून पाहिलं. पत्रा निळाच होता. गेले चार दिवस मी साठ पोरांना घेऊन खुंट्याच्या माथ्यावर गाळ उपसत होतो. या बाजूने बघितलं तर खुंटा नव्हताच, नुसता एका लांब माळाचा शेंडा होता. आणि उपग्रहाच्या चित्रातली ती "खोल खिंड" म्हणजे म्हशी डुंबायचं तळं होतं. मी काळूबाबांना विचारलं, खालून या कड्याला खुंटा म्हणतात, ते ठाऊक आहे का? ते म्हणाले, "नाय बा. तिकडची मानसं पेठची. आमचं जानं-येनं नाय तिकडं."

शिबिराचे उरलेले तीन दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. हे साडूंना सांगायचं कसं? ज्या सुळक्याला हात लावून आल्यावर माणूस तो हात जपून धरतो, त्याच्या डोक्यावर म्हैस रोज जाते, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि न सांगावं, तर एकोणचाळिसावं पान कोरं राहतं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली. "तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "पण चहा झाल्यावर सांगा."

चहा झाल्यावर सांगितलं. हॉलमध्ये भिंतीवरच्या चित्रांसमोर साडू, प्राजक्ता आणि मी. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. मी माळ सांगितला, तळं सांगितलं, निळा पत्रा सांगितला. म्हशींचा आकडा मी मुद्दाम कमी सांगितला. साडूंनी रिकामा कप बाजूला सारला. उठून भिंतीपाशी गेले, व्हर्नियर काढून तो काळा डाग मोजला, आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे पडले होते. मला वाटलं, आपण एका भल्या माणसाचं आयुष्यभराचं काहीतरी मोडलं.

"तेहतीस वर्षं," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तेहतीस वर्षं पोरांना सांगत आलो, जॉब उलटा करून बघा." प्राजक्ताने खाली मान घातली. मग साडूंनी तसंच पाठमोरं विचारलं, "म्हशी किती वयाच्या होत्या?"

"म्हणजे?"

"गाभण, म्हाताऱ्या अशा होत्या का?"

"एक बरीच म्हातारी होती. लंगडत पण होती."

"तीही रोज येते-जाते?"

"रोज."

साडू वळले. त्यांचा चेहरा मी त्याआधी एकदाच तसा पाहिला होता, तळवा दाखवायला आले त्या संध्याकाळी. "म्हणजे उतार म्हशीला झेपतो," ते म्हणाले. "लंगड्या म्हशीला! अहो मास्तर, मग अडलंय कुठं? समोरून घळ, समोरून कातळ, सगळं तसंच. त्यातला एक फूट कमी होत नाही. फक्त वर गेल्यावर उलटं फिरायचं नाही, सरळ पुढे चालत जायचं!" मी चाचरत म्हणालो, मागून वाट आहे म्हटल्यावर चढण्यात काय अर्थ, असं लोक म्हणतील. त्यावर ते खो खो हसले. "लिफ्ट आहे म्हणून मी जिना सोडला का?" आणि टेबलाशी बसून त्यांनी एकोणचाळिसावं पान ओढलं, "बघू"वर काट मारली आणि खाली लिहिलं: "म्हशीच्या वाटेने. काळूबाबांना विचारून." काळूबाबांना विचारायचं हे त्यांनी दोनदा अधोरेखित केलं, कारण कुणाच्या माळावर न विचारता उगवणं बरं दिसत नाही. मग पान अक्कांपुढे धरलं. अक्कांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं, "ती वाट मला झेपेल का?"

इतक्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. साडूंनी पान परत ओढलं आणि खाली एक ओळ वाढवली.

मग जो उत्साह सुरू झाला, तो विचारू नका. जुनी फाइल चाळीस पानांची, नवी पंचावन्न पानांची झाली. मला पायथ्यावरून काढून माथ्याचा व्यवस्थापक नेमलं. शिट्टीच्या खुणा ठरल्या: एक म्हणजे दोर ओढा, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे पोहोचलो. त्या खुणांची तालीम आमच्या दोन घरांच्या गच्च्यांवरून झाली आणि गल्लीतल्या कुत्र्यांनाही पाठ झाल्या. मी काळूबाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या की. पन कड्यावरून काहून येतीत? वाट हाय ना." हे वाक्य साडूंनी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

जानेवारीत एका शुक्रवारी साडू, प्राजक्ता आणि आणखी दोघं पेठच्या बाजूने घळीत शिरले. शनिवारी सकाळी मी, बायको आणि अक्का सुरगाण्याहून जीपने पाड्यावर पोहोचलो. अक्का नवे बूट घालून, पदर खोचून काळूबाबांच्या मागे चालत होत्या, आणि त्या एकदाही बसल्या नाहीत. मी दोनदा बसलो. माळाच्या टोकाशी काळूबाबांच्या बायकोने घोंगडी पसरली. अक्कांनी पिशवीतून ताट काढलं, गहू काढले आणि निवडायला बसल्या. म्हशी आल्या, बघून गेल्या. खालून अधूनमधून खिळ्यावर हातोडी पडल्याचा आवाज यायचा, की अक्कांचं बोट दाण्यावर थांबायचं. मधेच बराच वेळ काहीच ऐकू येईना. मी कडेवर पालथा पडून होतो, पण कातळाचा फुगवटा आड येत असल्यामुळे दिसत कुणी नव्हतं. छाती अशी धडधडत होती की खालचं गवत हलावं. एक शिट्टी आली. मग दोन. मग तर काहीच नाही.

शेवटचे चाळीस फूट सर पुढे जातील, हे प्राजक्तानेच ठरवलं होतं. दुपारी दीडच्या सुमाराला फुगवट्याखालून एक हात वर आला. उजवा हात. त्याने कातळ चाचपला, धरला, आणि मग लाल हेल्मेट. मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही, माझी बायको रडत टाळ्या वाजवत होती, काळूबाबा "या, या, बसा" म्हणत होते. साडू काठावर चढले, दोर खडकाला बांधला, तो दोनदा ओढून तपासला आणि त्यानंतरच शिट्टी तोंडाला लावून तीनदा फुंकली. आम्ही चार हातांवर होतो तरी. मग त्यांनी मान वर केली. समोर अक्का.

अक्का ताट खाली ठेवून उठल्या. त्या साडूंकडे न बघता सरळ कडेकडे आल्या, माझा दंड घट्ट धरला आणि वाकून खाली पाहिलं. तो काळा कातळ पाहिला, ती घळ पाहिली. सगळं पाहून घेतल्यावर त्या वळल्या. "ही टेकडी?" त्या म्हणाल्या.

साडू हेल्मेटचा पट्टा सोडायला लागले.

"बत्तीस वर्षं मला टेकडी म्हणून सांगत आलात?"

"अगं, तुला काळजी नको म्हणून..."

"मग मी गहू काय हौसेने निवडत होते?" अक्कांचा आवाज फुटला. त्यांनी पदराने साडूंच्या कपाळावरची धूळ आणि रक्ताची बारीक रेघ पुसली, जरा जोरातच पुसली, आणि म्हणाल्या, "हात धुवा. डबा उघडते." साडू खाली बसले आणि तोंडावर हात धरून हमसून हमसून हसायला लागले. निदान आम्ही सगळ्यांनी ते हसणं आहे असंच धरलं. तोवर प्राजक्ताही वर आली, तिच्यामागून बाकीची दोघंही. तिने सरांकडे पाहिलं आणि मुकाट्याने दोर गुंडाळायला घेतला.

उतरताना लंगडी म्हैस पुढे, तिच्यामागे एक हात अक्कांच्या खांद्यावर ठेवून साडू, आणि सगळ्यांच्या मागे मी. साडू दर वीस पावलांनी थांबून मागे वळून बघत. पण या बाजूने खुंटा दिसत नाही. नुसता माळ दिसतो.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. त्याचीही फाइल होती. डॉक्टरांनी गुडघ्यात बसवायचा नमुना दाखवला, तेव्हा साडूंनी तो उलटा करून बघितला आणि फिनिशिंग चांगलं असल्याचं सांगून डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली. आता ते काठी न घेता चालतात. जिना उतरतात, दर पायरीला मोठ्याने आकडा म्हणत. दोर प्राजक्ताला देऊन टाकलाय, त्यामुळे बाल्कनीत पापडांना ऐसपैस जागा झालीय. कुठे जायचं नसतं म्हणून रविवारी दोघं सकाळपासून घरी असतात, टीव्ही चालू असतो.

परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. अक्का गरम पोळी वाढत होत्या, साडू पुढच्या वर्षी प्राजक्ताने कुठला कडा चढावा ते सांगत होते. तेवढ्यात माझ्या दाताखाली कचकन खडा आला. मी चावायचा थांबलो. समोर साडूही थांबले होते. त्यांनाही आला असावा. त्यांनी पोळीचा तुकडा उलटा केला, क्षणभर बघितला, आणि अक्कांकडे न बघता निमूटपणे खाऊन टाकला.